गळ

पॅकेजमध्ये पाच गोष्टी: स्कूबा, बनाना, सोफा, जेटस्की,
आणि डॉल्फिन, दिसला तर.
दिवाळीच्या सुट्टीत हे मी दिवसाला साठ वेळा म्हणतो,
आई संध्याकाळी तेर्स म्हणते त्याच चालीत,
मणी सुटू न देता.

मग तंबी: पाण्याखाली अंगठा वर केलात
तर त्याचा अर्थ 'मस्त' होत नाही,
'मला वर न्या' असा होतो.
तरी दहातले सहा जण वीस फुटांवर, माशांच्या गर्दीत,
आनंदाने अंगठा दाखवतात
आणि आम्ही त्यांना नियमाप्रमाणे वर आणतो.
वर आल्यावर भांडतात.

रामकिसन खंडारे, वय सदुसष्ट, चिखलीकडचे.
पैसे जावयाने भरलेले.
दांडीवरून होडी सुटली, मतलई अजून पडली नव्हती.
सगळे किल्ल्याकडे मोबाइल धरून,
हे काठावरून खाली बघत.
"खाली वाळू हाये का गाळ?"
आठ सीझनमध्ये मला हे कोणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, खडप आहे, मधेमधे वाळू. साडेतीन वाव.
"वाव म्हंजे?"
मी दोन्ही हात पसरले: एवढं एक.
ते हसले, उभे राहिले, एक हात डोक्यावर ताणला:
"आमच्याकडं परस. एवढा एक."
होडी कलली.
जावई म्हणाला, मामा, बसा.

मग कळलं. चाळीस वर्षं
पंचक्रोशीच्या विहिरींतून लोकांची भांडी काढली.
आधी गळ टाकायचा. नाही लागलं तर स्वतः.
घागरीचे दोन रुपये, कळशीचा एक,
लेकराचं खेळणं असलं तर फुकट.
गळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तांबोशी,
त्यांच्या डोळ्यांपुढे घागर.
"नळ आले," ते म्हणाले,
"मंग विहिरीत काई पडेनासंच झालं."

श्वास धरायचा नाही, घेत राहायचा,
एवढं एकच त्यांना जड गेलं.

खाली आग्नेल कॅमेरा घेऊन तयार,
पाव कुस्करलेला, काळेपिवळे पट्टे भोवती फिरताहेत.
खंडाऱ्यांनी सगळ्यांकडे पाठ केली.
काचेआड बघितलं तर डोळे मिटलेले,
आणि उजवा हात वाळूत, खडपाच्या बुडाशी,
हळू, अंधारात चालल्यासारखा.
मी डाव्या हाताला ओढलं. आले नाहीत.
आग्नेलने खुणावलं, वेळ झाली.
मी बोटं दाखवली, अजून एक मिनिट. मग अजून एक.

गडू निघाला. स्टीलचा,
अर्ध्या अंगाला शिंपल्यांची खरूज.
त्यांनी डोळे उघडले
आणि बरोबर अंगठा वर केला.
बरोबर, म्हणजे वर जायचं म्हणून.

होडीत बसून नखाने कोरलेलं नाव खरवडलं.
'सौ.' एवढं लागलं. पुढचं मिठाने खाल्लेलं.
लोक सेल्फी थांबवून बघू लागले.
एक बाई म्हणाली, अँटिक असेल.
खंडाऱ्यांनी गडू माझ्या मांडीवर ठेवला.
"गावातलाच कुनाचा असंल. द्या पोचता करून."
मी हो म्हटलं. काय म्हणणार?

पुढे बनानावर ते बसले नाहीत.
डॉल्फिन दिसला, पाठीचा एक काळा तुकडा,
सगळे ओरडले, यांनी मान हलवली,
ओळखीचं कोणी रस्त्याने गेल्यासारखी.

घरी आईने गडू फिरवून फिरवून बघितला.
"खयच्या बायलमाणसाचो रे हो?"
मग तिने वाड्यातल्या तिघींची नावं घेतली,
चौथीचं घेता घेता थांबली
आणि चुलीकडे वळली.

आता तो काउंटरवर असतो, पावत्यांची पेनं ठेवायला.
कोणी विचारलंच तर सांगतो.
सहसा विचारतात ते जेटस्कीचा रेट.

आग्नेलचे बाराही फोटो वाया गेले:
पाठ, सिलिंडर, गढूळलेली वाळू,
आणि एकात नुसते दोन तळवे,
भेगाळलेले, कॅमेऱ्याकडे.
फोटो मोफत असतात. जावयाला म्हटलं, डिलीट करतो,
पुन्हा या, पुन्हा काढू.
म्हाताऱ्याने मोबाइल लांब धरून बघितला.
"हा ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "हा बराबर आला."