खोली

पाव भाजायचा ट्रे डेल्मिराने घरून आणला,
कोपऱ्यात अजून करपलेलं पीठ.
पाणी टँकरचं, मोजून दोन बाटल्या.
सांडू नका, म्हणाले. त्यांना सांगायची गरज नव्हती.

ट्रेची एक कड बोटभर उचलायची, सोडायची.
लाट पलीकडे धावते, काठावर आपटते, फिरते.
अशा चार खेपा. एउलोजिओ घड्याळ दाबतो.
दोन सेंटिमीटर खोलीला सव्वातीन सेकंद,
एकाला साडेचार.
"पाणी निम्मं केलं, मग वेग निम्मा का नाही?"
फळ्यावर वर्गमूळाची खूण काढली.
आजोबांच्या पाणकाठीसारखी दिसते, तो म्हणाला, वाकलेली.

ती काठी आता त्यांच्या गोठ्याला टेकू आहे.
आजोबा पोओपो तळ्यात मासे धरायचे.
या पोरांनी तळं पाहिलं ते नकाशात, निळं.
खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत भेगा,
आणि दुपारी वारा सुटला की
वह्यांवर मिठाची भुकटी.

डेल्मिरा स्पंजने पाणी टिपत राहिली.
अर्धा सेंटिमीटर: साडेसहा.
त्याच्याखाली लाट धड उठेचना,
नुसती ओल थरथरली.
आलेखावर तिने पेन्सिल शून्यापर्यंत ओढली.
मी काही बोलले नाही.
एउलोजिओने "अडचणी" या रकान्यात लिहिलं:
वारा.

पाणी बाटल्यांत परत ओतलं. कपभर कमी भरलं.
सकाळी ट्रेच्या तळाशी पांढरं कडं उमटलेलं.
डेल्मिराने पट्टी लावून त्याची रुंदी घेतली.
चार मिलिमीटर.
एकक लिहायला या वेळी विसरली नाही.