तीन सेकंदांच्या आत

खोक्यातून आलं ते.
खोक्यावर छापलेलं : गोठवलेले खेकडे. ही बाजू वर.
भाच्याने खोकं उलटंच धरलेलं.
मेंढ्यांच्या फार्मवरून दोनशे किलोमीटर आणलं होतं,
मेंढी दिसली की पळतं म्हणून नाकारलेलं.
"घे मामा," म्हणाला एलिआस, "तुला तरी कोण आहे?"
आणि चहा न घेताच गेला.

डॉक्टर दानित्साने बजावलं :
जागं झालं की बाहेर, खाल्लं की बाहेर,
खेळून दमलं की बाहेर.
चुकलं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं नाही.
बाहेर केलं तर कौतुक,
तीन सेकंदांच्या आत, मोठ्याने, मनापासून.
मनापासून आहे की नाही, त्याला काय कळणार?
"त्यालाच कळतं," ती म्हणाली,
आणि पुढच्या मांजराला हाक मारली.

चाळीस वर्षं मी सामुद्रधुनीतल्या फेरीबोटीच्या इंजिनखोलीत.
इंजिन चाललं तर चाललं.
बंद पडलं, तरच माणूस तोंड उघडायचा.
घरी यायचो तेव्हाही
मी इंजिनखोलीतूनच आलेला असायचो.

पहिल्या रात्री शेगडीपाशी. मग पलंगाखाली.
मग माझ्या डाव्या बुटात.
एर्मेलिंदा होती तेव्हा या लाकडी जमिनीवर
पायांखाली लोकरीचे तुकडे सरकवत चालायचो आम्ही,
तिच्या मेणावर ओरखडा नको म्हणून.
अजून थोडं मेण आहे.
मेणावर थेंब पसरत नाही,
गोल होऊन उभा राहतो.
हे तिला माहीत होतं का, कुणास ठाऊक.

रात्री तीनला कोटात घालून बाहेर.
पुंता आरेनासचा ऑक्टोबर,
वाऱ्याने त्याचे कान आतून बाहेर झालेले.
ते माझ्याकडे बघतं. मी त्याच्याकडे.
दोघांनाही नक्की काय करायचं ते आठवत नाही.
आत आलो, आणि उंबरा ओलांडल्यावर
एका पावलात त्याला आठवलं.

चौथ्या रात्री, झुडपाच्या आडोशाला, बसलं.
एक.
मी तोंड उघडलं.
दोन.
शब्द होता, पण खाली, कुठल्यातरी पाइपात.
तीन.
ते उठून शेपूट हलवत आलं,
आणि मी नुसताच उभा.

पाचव्या रात्री निघाला.
"शाब्बास!"
गंजलेली झडप उघडावी तसा, करकरत.
शेजारच्या ओयार्सूनबाईंचा दिवा लागला.
"काय झालं?"
"मुतलं!"
"कोण?"
वाऱ्यात उत्तर गेलं असावं.
दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी सूप पाठवलं.

लेआंद्रोचा फोन रविवारी येतो, उत्तरेकडून, खाणीच्या गावाहून.
"तिकडे वारा?"
"वारा. तिकडे ऊन?"
"ऊन."
एवढं झालं की आम्ही दोघंही सुटतो.
त्या रविवारी पिल्लू दाराशी गोल गोल फिरू लागलं.
मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि धावलो.
"शाब्बास रे राजा! शाब्बास!
केवढं शहाणं ते माझं!"
आता सवय झाली आहे, सहज येतं.

परत आलो तर तो अजून फोनवर होता.
"कुणाला म्हणत होता?"
"कुत्र्याला."
"रोज म्हणता?"
"सात-आठदा. डॉक्टरांनीच सांगितलंय."
"सात-आठदा," तो म्हणाला.
त्याच्यामागे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

अकरा वर्षांचा असताना त्याने रेडिओ बनवला होता.
मी उलटा करून बघितला होता आणि म्हणालो होतो,
इथलं डाग देणं कच्चं आहे.

"तो रेडिओ," मी म्हणालो, "फळीवर आहे.
चालतो अजून. हवामान त्याच्यावरच ऐकतो."

तो काही बोलेना.
एक, दोन, मी मोजत राहिलो, तीनच्याही पुढे.
टेबलाच्या पायाशी काहीतरी वाजलं.
मेणावर, नवा,
गोल, उभा.