मे महिन्यातला कोट

पर्समध्ये तीनशे चाळीस.
दीडशे कूलरच्या जुन्या पंपाचे,
ऐंशी दळण आणि इस्त्रीवाल्याची उधारी,
राहिलेल्या एकशे दहात एकतीस तारीख गाठायची.
गांधीसागरच्या कठड्याशी उभं राहून
हा हिशोब मी दोनदा मोठ्यानं म्हटला,
लहान मुलीला रस्ता ओलांडायला शिकवावं तसा,
आणि बुधवारी बाजारात शिरले.

मला माझी सवय माहीत आहे.
घरात एक किटली आहे, बिनझाकणाची, तीस रुपये.
एक दुर्बीण, जिच्या एका डोळ्यातून
समोरच्या गच्चीवरचे पापड दिसतात
आणि दुसऱ्यातून बुरशी.
बर्फावर घसरायचा बूट आहे. एकच.
तो का घेतला हे हेमराजनं
तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही.
न विचारण्याचाही एक आवाज असतो.

ऊन चव्वेचाळीस अंश. डांबर चपलेला चिकटत होतं.
जुन्या कपड्यांच्या ढिगावरून मी मान खाली घालून निघाले,
उधारी थकलेल्या किराणावाल्यासमोरून जावं तशी.
तरी बाहीनं मला धरलं.
खरंच. ढिगातून बाहेर लोंबत होती,
गडद हिरवी, लोकरीची,
मी फक्त ती आत सारायला वाकले.

कोट होता. पोटरीपर्यंत.
आतून रेशमी अस्तर, गळ्याशी शिक्का
अशा लिपीतला, की अर्धी अक्षरं उलटी वाटावीत.
सहा बटणं, त्यातली पाच एका घरची,
सहावं नवीन सुनेसारखं जरा अवघडून बसलेलं.

"घालून तं पाह्य बाई," वच्छलाबाई म्हणाल्या,
"घालून पाह्याचे कोनी पैसे घेते का?"

या बाजारातलं सगळ्यात महाग वाक्य.

घातला.
घामानं भिजलेल्या साडीवर
कुठल्याशा बर्फाळ गावचा कोट.
वच्छलाबाईंनी आरशाचा तुकडा तिरपा धरला,
त्यात मी पूर्ण मावले नाही,
खांदे मावले.
सतरा वर्षं दवाखान्याच्या काउंटरवर नावं लिहून
पुढे झुकलेले माझे खांदे,
कुणी मागून हलकेच सरळ केल्यासारखे.
खिशात हात गेला तर एक हातमोजा,
बोटांच्या टोकांना अजून कुणाचातरी आकार.

"कितीले?"
हे माझ्याच तोंडून आलं.
"अडीचशे. तुह्यासाठी दोनशे."
"मे महिन्यात कोन घेईन हा?"
"म्हनून तं दोनशे. डिसेंबरात पाचशेले जाईन."
"एकशेवीस."
"दीडशे दे अन् घेऊन जाय. सकाळपासून बोहनी नाही माही."

दीडशे.
बरोब्बर पंपाएवढे.
असे आकडे योगायोगानं येत नाहीत,
मोहाला आपली पर्स आतून दिसते.

मी हिशोब उलटा मांडून पाहिला.
पंखा आहे. ओला टॉवेल आहे. गच्ची आहे.
मे असा कितीसा राहिलाय.
हेमराजची पाठ घामोळ्यांनी भरली आहे,
हे मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं
आणि बहुधा म्हणूनच बेरीज जमेना.

कोट काढला. अस्तर दंडाला जरा चिकटून राहिलं.
वच्छलाबाईंनी तो घडी न करताच ढिगावर टाकला
आणि हातमोजा माझ्याकडे फेकला,
"ने हा. एका हाताचा कोन घेते?"

पंपवाल्यानं बादलीत पंप बुडवून दाखवला,
पाण्याची बारीक सोंड उडाली
त्याच्या तोंडावर, माझ्याही.
दीडशे मोजून दिले.

रात्री घरभर खसाचा वास.
हेमराज पाच मिनिटांत घोरायला लागला,
पालथा नाही, पाठीवर,
किती दिवसांनी.
तीनच्या सुमाराला मला जाग आली
तर पाय गार पडलेले.
या घरात, मेमध्ये, चक्क थंडी.
उठून कूलर कमी केला नाही.
चादर मानेशी उभी केली, कॉलरसारखी,
आणि उशीखालचा हातमोजा काढून अंधारात चढवला.

बूट उजव्या पायाचा आहे.
हातमोजा डाव्या हाताचा निघाला.