मानशीचं दार

पाच दिवस पहिल्या बसनं म्हापशाला गेलो.
सिस्टर एर्मेलिंदानं टेबलावर ठेवलं रबरी पोट,
त्यातून लोंबणारी नळी,
आणि म्हणाली, आधी हात.
नखांखाली. बेचक्यांत. मनगटाच्या वर.
तीस वर्षं सुंगटं सोलली या हातांनी,
ते धुवायला कुणी शिकवील असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी टोपण काढताना बोट टोकाला लागलं.
ती रागावली नाही.
पिशवी फेकली, दुसरी काढली. "पुन्हा."
चौथ्या दिवशीही, पुन्हा.

हे नुसते बघत बसले होते, एकदम म्हणाले,
"ही तर मानस."
सिस्टरला कळेना.
तेव्हा औषधांच्या चिठ्ठीमागे यांनी नदी काढली,
बांध, आत खाजन, मध्ये लाकडी दार.
भरती दाराला रेटते, दार मिटतं.
सुकती लागली की आपसूक उघडतं.
"पाण्याला ढकलायचं नसतं, बाई.
राखणदारानं फक्त जागं राहायचं."

बावीस वर्षं नार्व्याच्या मानशीवर जागले.
पाय सुजले तेही तिथंच,
आम्ही चिखलाला दोष देत राहिलो.

टेंपोतून चाळीस खोकी आली.
शेजारची सत्यभामा म्हणाली, "दुकान घालतां की कितें?"
पिशवी टांगायला उंच जागा हवी होती;
माटोळीचा आकडा सापडला.
चवथीला काय करायचं, ते चवथीला बघू.

पंखा बंद. खिडकी बंद. तोंडाला मास्क.
दोन लिटर आत, चार तास मुक्काम,
मग सगळं बाहेर, लिंबाच्या सरबतासारखं पिवळसर.
ते वर्तमानपत्रावर धरायचं:
खालची अक्षरं वाचता आली, तर ठीक.
वहीत लिहायचं. वजन. किती गेलं, किती आलं.
मी चौथीपर्यंत शिकले,
आता दिवसातून चारदा वाचते,
भरतीची बातमी, मयताची, साड्यांच्या सेलची.

श्रावणात एका पहाटे अक्षरं बुडाली.
पिशवीत तांदळाचं धुवण.
यांचं पोट दुखत होतं, बोलले नव्हते.
फोन लावला. सिस्टर झोपेतही एवढंच बोलली,
"पिशवी फेकू नको. घेऊन ये. दोघंही या."

बसमध्ये मांडीवर ती पिशवी,
अजून कोमट.
मी माझी बोटं मोजत होते,
कुठलं बोट चुकलं असेल.

सलग दोन आठवडे पिशवीत औषध घातलं.
पाणी निवळलं, त्या दिवशी हे म्हणाले,
"खिडकी मी उघडली होती.
नळी जोडतानाच, थोडीशी.
दार लागल्याचा आवाज येतो का, ऐकायचं होतं."
मी काही बोलले नाही.
मग तेच म्हणाले,
"कुर्लीचं एक बीळ. अख्खं खाजन खारं होतं."

सिस्टरला सांगितलं.
ती हसली नाही, चिडलीही नाही.
दोघांनाही बेसिनपाशी उभं केलं:
नखांखाली. बेचक्यांत.

आता संध्याकाळची पाळी त्यांची.
मी फक्त पेपर धरते.
काल पिशवीआडून वाचत होते,
"मानशीची पावणी... रविवारी... सकाळी दहा..."
"दिसतंय नीट?"
"अक्षर न् अक्षर," म्हणाले,
"पण रक्कम फार मागतायत."

आणि चष्मा कपाळावर सरकवून
मिटल्या खिडकीकडे बघत राहिले,
सुकती संपेपर्यंत.