डिस्क नाही

एकोणीस किलोचं यंत्र, चकती वाजवायला.
बायको म्हणाली, नांगरच आणायचास की बोटीचा,
निदान त्याला वीज लागत नाही.

मोल्डेहून वेस्टनेसला आणलं, शेवटच्या फेरीबोटीनं,
मांडीवर, ब्लँकेटमध्ये गुंडाळून.
जिच्या पोटात एकतीस वर्षं मी इंजिनं राखली
तिच्याच वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी,
प्रवासी म्हणून पहिल्यांदाच.

कानांचं म्हणाल तर डॉक्टरीणबाईंनी आलेख काढून दाखवला:
इथवर ऐकू येतं, इथून पुढे कडा,
आमच्या किनाऱ्यासारखी, सरळ पाण्यात.
झांजेची वरची धार डिझेलनं केव्हाच खाल्ली.
आणि मी पेन्शनीतून घेतलं हे,
जे म्हणे गजावरची राळसुद्धा ऐकवतं.

हे यंत्र ज्यांच्याकडे आहे ते एकमेकांना ओळखून असतात,
एकाच वॉर्डात ऑपरेशन झालेल्या लोकांसारखे.
ट्रोम्सोचा ऐलेर्ट फोनवर बजावतो, कधी बंद करू नकोस,
तीन दिवस तापू दे, मग खालचे सूर मोकळे होतात.
त्याचं अकरा वर्षं चालू आहे.
घटस्फोटाच्या दिवशीही होतं.
क्रिस्तियानसुंदची सोलरुन पायांखाली पितळी खिळे ठेवते.
ठेवल्यापासून, म्हणते, चेलो खुर्चीत नीट बसला.
मी हो हो म्हणतो. फरक कळला म्हणून सांगतो.
एकदा तर खिळे न लावताच सांगितलं.

लेझरचं मात्र कुणी हसण्यावारी नेत नाही.
तो आता कुठेच बनत नाही.
द्रामेनच्या म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याच्या कपाटात चार उरलेत,
आणि मालक आम्ही सत्तेचाळीस.
नाताळात त्याला सगळ्यांची शुभेच्छापत्रं जातात.

तर घरी आणून जोडलं. वरचं झाकण सरकवलं,
लोण्यातून सुरी जावी तसं सरकलं.
डिस्क ठेवली. निळ्या अक्षरांत उत्तर आलं:
डिस्क नाही.
पुसून ठेवली. डिस्क नाही.
दुसरी ठेवली. नाही.
अरे, समोर आहे ना!
ऐलेर्ट म्हणाला, वरचा बिल्ला कुठाय?
काळा, चुंबकाचा, नाण्याहून जरा मोठा.
तो मधोमध बसला नाही तर चकती निसटते
आणि यंत्राला वाटतं, कुणी आलंच नाही.

सकाळी परत मोल्डे.
गुदवाइग दारातच म्हणाली, काळा? गोल? हा होय?
फ्रिजवर होता. खाली एक चिठोरा:
दूध. बॅटऱ्या. गुरुवारी हिवाळी टायर.
आस्ब्यर्नचं डावखुरं अक्षर.
टायर बदलून झाले होते का, ते मी विचारलं नाही.
ती म्हणाली, तो लावून बसायचा तेव्हा
मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे.
मला काय ठाऊक हा त्यातलाच तुकडा.
दहा महिने कागद पडू दिला नाही त्यानं.

बिल्ला तिनं माझ्या तळहातावर ठेवला
आणि चिठोरा धरून उभी राहिली,
जणू तोही कुणाला तरी द्यायचा होता.
माझ्या किल्ल्यांना एक चुंबक असतो,
इंजिनखोलीत सांडलेले नट उचलायचा,
रंग उडालेला, ओबडधोबड.
तो काढून दिला.
कागद फ्रिजला असा चिकटला की तिनं ओढून पाहिला,
हलला नाही. बरं झालं, म्हणाली,
आणि कॉफीचं विचारायला विसरली.

आता वाजतं.
बायको विणकाम घेऊन दारात टेकते, आत येत नाही.
काल म्हणाली, ही बाई वाजवण्याआधी श्वास घेते.
कुठे?
हा बघ. हा. आत्ता.
दर वेळी तिनं सुईचं टोक वर केलं.
मी दिवा मोठा केला, खुर्ची तिच्याकडे वळवली,
आणि डिस्क पहिल्यापासून लावली.