स्थानिक नाव

दिवाळी आठवड्यावर, येळ्ळूरच्या गडाखालचा माळ,
गवत कंबरेपर्यंत आणि गवतात ही.
मुचंडी मॅडम म्हणाल्या, "परशराम, मुळासकट काढ.
माती हळू झटक, गाठी तुटतील."
पंचवीस वर्षं मी कॉलेजात काचा पुसतो,
मला ठाऊक आहे गाठींचं.
जमिनीला देतात, विचारत नाहीत कुणाची.

मोठी पाकळी ती ध्वज,
बाजूच्या दोन पंख,
खालच्या दोन जुळून नौका.
ध्वज पिवळा, त्यावर तांबड्या रेघा,
सुकायला लागला की भगवा होतो.
मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे.
"हे गावात कुठं बोलू नको हं."
इतकं हसलो आम्ही
की लगमव्वाची शेरडं चरायची थांबली.

तिनं एक वाळकी शेंग तोडली,
कानाशी नेऊन हलवली.
"गिलगिच्ची री. अष्ट."
मला आत्ती आठवली.
गोवर आला होता तेव्हा उशाशी बसून
हीच शेंग वाजवायची.
खुळखुळा म्हणायची. आणि काय म्हणणार?

कागदावर रकाना एकच, बोटभर रुंद:
स्थानिक नाव.
मॅडमनी पेन माझ्या हातात दिलं.
"तू लिही की."
"तुम्हीच लिवा की, मॅडम."
असं करत पावणेसहा वाजले.

झाड दाबलं रद्दीत,
खाली कानडी पेपर, वर मराठी,
हाताला आला तो.
फळ्या, पट्टे, वर एक वीट.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन, म्हणून मी तिथंच निजलो.
रात्री एकच्या सुमाराला
फळ्यांच्या आत काहीतरी टिचलं.
मग परत.
मग बराच वेळ नाही.
मी उठून बसलो, कुणीतरी दार वाजवल्यासारखा,
आणि दिवा न लावता ऐकत राहिलो.

सकाळी पट्टा सोडला तर
शेंगा उकललेल्या, बिया अक्षरांवर सांडलेल्या,
मुगाहून बारक्या, एका अंगाला वाकलेल्या.
ध्वजाचा रंग उतरून
दुधाशिवायच्या चहासारखा झालेला.

मॅडमनी बिया पुडीत बांधल्या,
पुडीवर तारीख घातली, गावाचं नाव घातलं.
रकान्याचं राहिलंच.

पुडी कपाटात आहे, वरच्या खणात.
रस्त्यानं उसाचा ट्रक गेला
की वाजते.