उशीर

घोले रोडला लागून एक हॉल. खुर्च्या साठ, माणसं एकवीस.
विषय : कात्रजचा नळ.
दोन कॅमेरे केळुसकर सरांवर, तिसरा
फक्त मेहरुन्निसा तांबोळींच्या हातांवर,
चौथी वायर मिक्सरची.

मी मागच्या टेबलापाशी, काळी खिडकी उघडून.
बटणं नाहीत, चित्रं नाहीत. नुसती एक लांबलचक ओळ,
जी चार वर्षं मी जुन्या ओळीवरून उतरवत आलोय
आणि जिच्यात एक स्वल्पविराम चुकला
तर सगळं व्याख्यान मुकं.
प्रत्येक स्रोताआधी आडवी रेघ आणि आय.
आय, आय, आय, आय.
विदिशा म्हणते, काका, ठेच लागली का?

शेवटी टी. एक प्रवाह, दोन तोंडं :
एक नेटवर, एक डिस्कवर.
धनकवडीच्या आमच्या प्लंबरला हे सांगितलं होतं.
तो म्हणाला, त्यात काय, टी आम्हीपण टाकतो,
फक्त प्रेशर पडतं बघा.
पडतंच.
तळाशी आकडा हलत असतो. वेग एक. वेग एक.
शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.
एकाच्या खाली गेला की समजायचं,
व्याख्यान पुढे चाललंय आणि आपण मागे.
बिटरेट उतरवून पुन्हा लावलं. सरांच्या मिश्या जरा चौकोनी झाल्या.
पुन्हा एक.

सर सांगत होते, डोंगरातलं पाणी
जमिनीखालून पेठेत यायचं, आणि वाटेत ठिकठिकाणी
उच्छ्वास बांधलेले, कोंडलेली हवा सुटायला.
तेवढ्यात माझ्या लक्षात आलं,
सर पेठेत पोचलेत
आणि कोपऱ्यातल्या चौकटीत बाई अजून डोंगरातच.
दोन सेकंद. कधी अडीच.

कुठे गळतंय?
सुरुवातीला मी स्वतः टाळी वाजवली होती तिन्ही कॅमेऱ्यांपुढे,
फ्रेमला फ्रेम जुळली होती.

मध्यंतरात ओळीत एक आकडा घातला :
बाकी सगळ्यांना दोन सेकंद थांबवून ठेवायचं.
आणि चहाच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, जरा ऐटीतच,
बाई, तुमचा उशीर काढून टाकला.

त्यांनी कप खाली ठेवला.
काढू नका हो. ते माझं ऐकणं आहे.
मराठीत 'नाही' सगळ्यात शेवटी येतं.
मी अर्ध्या वाक्यात हात उचलला
तर न फुटलेला नळ फुटायचा.
मग बिस्कीट बुडवत म्हणाल्या,
आणि जुळवताय कुणासाठी?
माझ्या माणसांना सरांचा आवाज येतच नाही.

बिस्कीट तुटून चहात पडलं. त्या हसल्या.
मी हसलो नाही, मला ते चमच्याने काढून द्यायचं सुचलं.

जागेवर आलो. बॅकस्पेस.
दोन गेला, त्याच्या आधीची रेघ गेली.
ओळ होती तशी. एंटर.

दुसऱ्या भागात बघणारे चौदा.
त्यातले नऊ नऱ्ह्यातल्या एकाच घरात, टीव्हीसमोर,
असं बाई नंतर म्हणाल्या. त्यांची मावशी, मावशीची मैत्रीण, मुलं.
मी बाईंच्या हातांकडेच बघत होतो आता.
सरांचं वाक्य संपायचं,
हात क्षणभर छातीशी थांबायचे, रिकामे,
आणि मग पाणी यायचं.

आभार. हार नाही, एक रोपटं दिलं.
हॉलमध्ये टाळ्या झाल्या, थांबल्या,
खुर्च्या सरकू लागल्या, कुणाची तरी छत्री पडली.
क्यूवर बोट ठेवलं होतं.
चौकटीत दोन पंजे वर गेले,
दहाही बोटं थरथरू लागली,
त्या नऊजणांची टाळी.

विदिशा म्हणाली, काका, बंद करा, संपलं.
थांब, म्हटलं.
वेग एक.